आषाढ ते दसरा : खानदेशातील जुन्या मोटारीचा विश्रांतिकाळ

१/९
जुनी मोटार हिवाळ्यात कशी जपून ठेवावी, याचे बहुतेक नियम थंड देशांत घडले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. इंजिनात साधे पाणी राहिले, तर ओतीव लोखंडाचा ब्लॉकही तडकतो. शिवाय तेथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्रा खाते. म्हणून गाडी चार महिने बंद ठेवण्याची रीत पडली.

२/९
धुळे-जळगावात थंडी कडाक्याची पडते. धुळ्याचा पारा कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. पण इंजिन तडकावे, अशी ती नसते. उलट भरीताच्या वांग्यांचा तो कोरडा हंगाम जुनी गाडी बाहेर काढण्याचा. आपल्याकडे इंजिनाचा खरा शत्रू पावसाळ्यातील दमट हवा आहे.

३/९
सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११०० पुढे 'पद्मिनी' झाली. दोन राष्ट्रीय महामार्गांच्या चौफुलीवर वसलेल्या धुळ्याला या गाड्या नव्या नव्हत्या. पत्र्याची टाकी, रबरी नळ्या, कार्बोरेटर असा सारा संच निव्वळ पेट्रोलसाठी बेतलेला होता. आज तिचे उत्पादन थांबून सुमारे पाव शतक लोटले आहे.

४/९
बंद इंजिनात काय घडते? चार सिलिंडरांपैकी एखाद्याची झडप उघडी राहते. तिच्यातून ओलसर हवा शिरते, भिंतींना गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. जुन्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले पाणी व आम्ल असते. ते बेअरिंगांना खात राहते.

५/९
या कहाणीला २००१ मध्ये नवे वळण मिळाले, आणि तेही खानदेशाच्या वेशीवर. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि मनमाड होते. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले.

६/९
इथेनॉल हवेतील बाष्प ओढून घेते. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साठत गेले, की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. इंधनाची नळीही तळाजवळूनच ओढते. परिणामी टाकी गंजते, कार्बोरेटरचा धातू झिजतो, जुने रबर फुगते किंवा तडकते.

७/९
यातला योगायोग पाहण्याजोगा आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा साखर कारखानाही वालचंद यांनीच उभारला. साखरेच्या मळीपासून अल्कोहोल बनते, आणि त्यांच्या एका उद्योगाच्या जातकुळीचा पदार्थ आता दुसऱ्या उद्योगाच्या टाकीत उतरला आहे. उसाला नवे गिऱ्हाईक मिळाले आणि कच्च्या तेलाची काही आयात वाचली, हा लाभ खराच. जुन्या गाडीचा बचाव मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो.

८/९
तो असा करावा. आषाढ लागण्यापूर्वी गाडी पुरेशी चालवून इंजिन तापवावे आणि ऑइल व फिल्टर बदलावे. जाणत्या मेकॅनिककडून, आगीपासून दूर, टाकी रिकामी करून कोरडी करावी. कार्बोरेटरमध्येही पेट्रोल ठेवू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे व इंजिन हाताने फिरवावे. बॅटरीची तार सोडावी. सायलेन्सरचे तोंड कापडाने बंद करावे. उंदरांना आणि कुंभारणीच्या मातीच्या घरट्यांना ती जागा फार आवडते. वर प्लास्टिक नको, सुती आच्छादन घालावे. नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा बसवून घ्यावा.

९/९
'आठवड्याला पाच मिनिटे चालू करून ठेवतो,' असे अनेकजण अभिमानाने सांगतात. एवढ्या वेळात इंजिन पुरेसे तापत नाही. ज्वलनातले पाणी ऑइलमध्येच उतरते. त्यापेक्षा त्याला निजू द्यावे. दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. त्याच्या दोन दिवस आधी सायलेन्सरचे कापड काढावे, प्लग उघडून इंजिन हाताने फिरवावे, ताजे पेट्रोल भरावे आणि मगच किल्ली फिरवावी. झेंडूचा हार त्यानंतर.