‘कंपोस्ट डेपो’ आणि ओलाव्याचा प्रश्न : वऱ्हाडच्या संदर्भात

अमरावतीच्या कचऱ्यासाठी वापरल्या गेलेल्या सुकळी येथील जागेस ‘कंपोस्ट डेपो’ म्हणतात. अकोल्यात नायगावसाठी ‘डंपिंग ग्राउंड’ हा शब्द रूढ आहे. पहिल्या नावात खत करण्याचा हेतू आहे. दुसऱ्यात तो उरलेला नाही.

या हेतूमागील शास्त्र इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत आकारास आले. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांचा त्यावरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढील एक अडचण वऱ्हाडास परिचयाचीच होती : पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत. त्या रस्त्यावर पसरून गाड्यांखाली चिरडल्या जात. पाणी फार झाले तर हवा कोंडते, कमी पडले तर कुजण्याची क्रिया थांबते. म्हणून पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचण्याची पद्धत त्यांनी ठेवली.

पुढे सी. एन. आचार्य यांच्या बंगळूर पद्धतीत शहराच्या कोरड्या कचऱ्यावर मैल्याचे थर देण्यात येऊ लागले. द्रवरूप घाणच कचरा कुजवीत असे. या व्यवस्थेचे कौतुक करताना तो मैला कोणाच्या डोक्यावरून येत होता, याचा विसर पडता कामा नये. मैला वाहण्याच्या प्रथेवर १९९३ च्या कायद्याने बंदी आली, ते योग्यच झाले. परंतु ओलाव्याची पर्यायी तजवीज मात्र क्वचितच झाली.

शेतीच्या क्षेत्रात ती तजवीज पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या ‘नाडेप’ टाक्यात सुमारे १०० किलो शेणाच्या काल्यावर जवळपास दीड टन काडीकचरा कुजतो. विटांच्या भिंतींतील छिद्रांतून हवा खेळते आणि वरून पाणी शिंपून ओल राखली जाते.

शहरी कचराभूमीत हेच काम लिचेट, म्हणजे कचऱ्यातून पाझरणारे काळे पाणी, करू शकते. ते गोळा करून पुन्हा ढिगावर सोडल्यास कुजणे वेगाने होते, हे अमेरिकेत फ्रेडरिक पोहलँड यांनी १९७० च्या दशकात दाखविले. वऱ्हाडात चार महिने पाऊस व नंतर कडक ऊन असल्याने या युक्तीचे मोल अधिक आहे. तथापि तळाशी अस्तर नसेल, तर हेच पाणी भोवतालच्या विहिरींत उतरण्याचा धोका असतो. काळी माती पाणी धरते असे आपण मानतो, पण उन्हाळ्यात ती भेगाळते. तिच्यावर विसंबता येत नाही. भारतात २००० च्या नियमांनी अस्तर व लिचेट संकलन आवश्यक ठरविले. जुन्या ढिगाखाली ते मागाहून घालता येत नाही. त्यामुळे हा प्रयोग अस्तर घातलेल्या नव्या भागापुरताच करता येईल.