काडीमोड आणि पोटगी

‘काडीमोड’ हा शब्द मी प्रथम आजीकडून ऐकला. पंचांसमोर काडी मोडली की नवराबायको मोकळी; मग बाईला पाट लावता येई. अनेक जातींत ही रीत होती, ब्राह्मणांत नव्हती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट सर्वांनाच दिला, शिवाय कलम २९(२) मध्ये रूढीचा काडीमोडही राखला. खोच इथेच आहे. रूढी शाबीत करायची ती तिच्यावर विसंबणाऱ्याने. ते न जमल्यास पंचांच्या सह्यांची सोडचिठ्ठी निरुपयोगी. पहिले लग्न कायम, दुसरे शून्यवत.

शून्यवत लग्नाची किंमत काय, हे १९८८च्या आढाव खटल्यात दिसले. पहिली बायको हयात असलेल्या पुरुषाशी विधिवत लग्न लागलेल्या बाईला सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी नाकारली. तिथली ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर पत्नीच. (पोटाला कुठे कायदा कळतो?) पुढे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश संबंधातल्या स्त्रीलाही निर्वाहखर्च मागण्याची वाट दिली. आणि पहिले लग्न लपवणाऱ्या नवऱ्याला त्याचाच फायदा घेता येणार नाही, हे न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले, तेव्हा २०१३ साल उजाडले होते.