लहान गाऱ्हाण्यांचे मोल

बैलाच्या खांद्याला जू घासू लागले की जाणता शेतकरी औत थांबवतो. जखम चिघळायची वाट पाहत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हे शहाणपण उशिरा सुचते.

आपल्या वाशीम-कारंज्याचा कापूस ज्या मुंबईच्या बाजारात जाई, तिथल्या गिरण्यांचीच गोष्ट घ्या. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली. ५,५०० सह्यांचा अर्ज तयार झाला. मागणे काय होते? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार. पगारवाढीचा त्यात शब्दही नव्हता!

तरी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली.

तेव्हा गुरुजी, शाळेचा शिपाई असो की शेतातला सालदार, त्याचे गाऱ्हाणे लहान म्हणून टाळू नका. ऐकून घ्या, जमेल ते लगेच करा, न जमेल ते का जमत नाही ते सांगा. ऐकले गेले की माणसाचे कामात मन लागते.