बरं वाटणं आणि बरं होणं



चार जणी जमल्या की कुणाच्या गुडघ्याचा, कुणाच्या अर्धशिशीचा विषय निघतोच. मग एक मनगटातलं चुंबकाचं कडं दाखवते, दुसरी अंगाला हात न लावता ‘ऊर्जा’ देणाऱ्या बाईंचा नंबर देते. “मला फरक पडला ना!” हे वाक्य ठरलेलं. ते खोटं नसतंच. पण फरक नेमका कशाने पडला, हे ओळखायचं कसं? याची एक सुंदर युक्ती सुमारे २४० वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये वापरली गेली. आज तिची गोष्ट.

फ्रान्झ अँटन मेस्मर हा डॉक्टर १७७८ मध्ये व्हिएन्नाहून पॅरिसला आला. त्याचं म्हणणं असं, की विश्वात एक अदृश्य चुंबकी प्रवाह भरलेला आहे. शरीरात तो अडला की आजार होतो आणि तो मोकळा करता येतो. त्याच्या दालनात एक मोठं लाकडी पिंप असे, त्यातून लोखंडी कांबी बाहेर आलेल्या. रुग्ण भोवती बसून त्या दुखऱ्या जागी लावत. संगीत चाले. हळूहळू कुणी रडे, कुणी हसे, कुणाला झटके येत. झटके येणं हे गुण येण्याचंच लक्षण मानलं जाई. रुग्णांमध्ये बायका जास्त.

१७८४ मध्ये राजा सोळावा लुई याने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मरने सहकार्य केलं नाही, पण त्याचा एकेकाळचा शिष्य डॉ. देस्लोन तयार झाला. किती जण बरे झाले, हे समितीने मोजलंच नाही. कारण माणूस पुष्कळदा आपोआपही बरा होतो. तो प्रवाह मुळात आहे का, एवढंच तिने तपासलं.

फ्रँकलिनच्या बागेत देस्लोनने जर्दाळूचं एक झाड ‘भारलं’. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून चार झाडांपाशी नेलं. त्यातलं एकही भारलेलं नव्हतं. तरी चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला! देस्लोन म्हणाला, सगळ्याच झाडांत थोडं चुंबकत्व असतं. समितीचं उत्तर: मग अशा माणसांना बागेत फिरणंच अशक्य झालं असतं.

आणखी एका बाईला कागद लावलेल्या दाराआड बसवलं आणि तिच्या नकळत पलीकडून अर्धा तास उपचार केला. ती मजेत गप्पा मारत राहिली. नंतर समोर बसून तोच उपचार केला, तर काही मिनिटांत तिला झटके आले.

निष्कर्ष स्पष्ट होता. प्रवाह नव्हता, परिणाम घडवत होती ती कल्पना. त्या बाया ढोंग करत नव्हत्या, त्यांचे झटके खरेच होते. फक्त त्याचं कारण वेगळं होतं.

हीच युक्ती पुढे अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पात वापरली. तिथे काही परिचारिका रुग्णाला स्पर्श न करता, त्याच्या शरीराभोवतीची ऊर्जा तळहातांना जाणवते असं सांगत. एमिलीने मध्ये पुठ्ठ्याचा पडदा ठेवला. पडद्यातून त्यांनी दोन्ही हात पुढे करायचे. ती नाणं उडवून ठरलेल्या हातावर आपला हात धरायची. कोणत्या हातावर, ते त्यांनी ओळखायचं. २१ जणांच्या २८० प्रयत्नांत १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज केला तरी निम्मी येतात! १९९८ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

म्हणून जुनं ते सगळं टाकाऊ का? मुळीच नाही. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या वैद्यक ग्रंथातल्या एका वनस्पतीवरून हिवतापाचं औषध शोधलं. ते कसोट्यांना उतरलं, असंख्य जीव वाचले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परीक्षा जुन्या-नव्याचा भेद करत नाही.

बरं वाटणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. कुणी अर्धा तास शांतपणे आपल्याजवळ बसतं, आपलं दुखणं ऐकतं, हे कितीकींच्या वाट्याला घरात येतं? त्याने मन हलकं होतं, वेदनाही सुसह्य होते. पण छातीतली गाठ मन हलकं झाल्याने विरघळत नाही आणि साखर उत्साह वाटल्याने उतरत नाही. बरं वाटण्यालाच बरं होणं समजून गोळ्या बंद केल्या, तपासणी पुढे ढकलली, की त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नवा उपचार सुचवला, तर भांडू नका. दोनच गोष्टी विचारा: ज्यांना हा उपचार मिळतोय हे माहीतच नव्हतं, त्यांनाही गुण आला का? आणि यासाठी चालू औषध सोडायला सांगतात का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा.