दादा, कुठं लिहिलंय?

मित्रांनो, आधी माझी चूक सांगतो. इतिहास त्यानंतर.

कल्याणला आमच्या वस्तीत जयंतीच्या सभेत मी भाषण ठोकलं. "अंबरनाथचं शिवमंदिर मुळात आपलं विहार होतं, ते बळकावलं," असं सांगितलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात दहावीतलं एक पोरगं उभं राहिलं. म्हणालं, "दादा, कुठं लिहिलंय?"

मला उत्तर येत नव्हतं. मी आवाज चढवला आणि त्याला खाली बसवलं. लोक हसले. आपल्याला शाळेत जसं खाली बसवत, तसंच मी त्याला बसवलं.

मी भिवंडीत कापडाच्या मिलमध्ये लूमवर काम करतो. पाळी बारा तासांची. नववीत शाळा सुटली. पुढं जे वाचलं ते वस्तीतल्या वाचनालयात आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत. लूमवर धागा तुटला तर मशीन थांबवून तो सांधावा लागतो. न सांधता चालू ठेवली तर माल खराब निघतो आणि पैसे आपलेच कापले जातात. त्या रात्रपाळीत सारखं वाटत होतं, भाषणातला धागा तुटला होता आणि मी मशीन चालूच ठेवली. मग ठरवलं, सुट्टीच्या दिवशी जाऊन स्वतः बघायचं.

पहिल्यांदा अंबरनाथला गेलो. वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचं देऊळ. गाभारा खाली खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर वीतभर जागा मोकळी नाही, इतकं कोरीव काम. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर संस्कृत लेख आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. शिलाहार राजा छित्तराज आणि त्याच्यानंतरचा मुम्मुणी यांच्या काळातलं हे काम. लेखात राजा आहे, त्याचे अमात्य आहेत, मोठमोठे अधिकारी आहेत, आणि देवाचं नाव आहे आम्रनाथ. विहाराचा शब्दही नाही. बांधणीही पहिल्यापासून शिवमंदिराचीच आहे. म्हणजे माझं भाषण खोटं होतं.

पण त्या लेखात आणखी कोण नाही तेही बघा. ज्यांनी हा दगड खाणीतून काढला, वाहिला, छिन्नीनं एकेक बोट उतरवला, त्यांच्यापैकी एकाचं नाव नाही. शिलाहारांच्या दानलेखांखाली बऱ्याचदा गद्धेगाळ कोरलेली असते. राजाचं दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाची शिवी. पुरुषानं गुन्हा करायचा आणि विटंबना बाईची. अशा लेखांत श्रमिक माणूस सापडत नाही, पण बाईचा अपमान दगडात टिकून आहे.

दुसऱ्या सुट्टीला लोनाडला गेलो. कल्याणहून गांधारी पूल ओलांडून बापगावच्या बाजूनं. दोन्हीकडे गोदामंच गोदामं. टेकडीत दीड हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं आहे. ओसरी, आत विहार, पाण्याचं टाकं. ओसरीच्या भिंतीवर एक मोठा शिल्पपट आहे, त्यात राजा बसलाय आणि भोवती माणसं. काही अभ्यासक त्यात वेस्संतर जातकाची गोष्ट ओळखतात. मागेल त्याला सगळं देऊन टाकणाऱ्या, शेवटी पोटची पोरंही देणाऱ्या राजपुत्राची ती गोष्ट. आत आता खांडेश्वरी देवी आहे. शेंदूर, नारळ, हिरव्या बांगड्या. एक म्हातारी पाया पडत होती. मी म्हणालो, "आजी, हे बुद्धाचं लेणं आहे." ती म्हणाली, "असंल बाबा. आमची आई हितंच बसलीय, माझ्या आजीच्या आधीपासनं."

तिच्याशी भांडण काय करणार? तिनं काही बळकावलेलं नाही. ओस पडलेल्या लेण्यात गावानं दिवा लावला. पण हे लेणं बौद्धांचं, हे इथं छातीठोकपणे सांगता येतं, कारण इथला दगडच साक्ष देतो. अंबरनाथला आणि लोनाडला एकच घोषणा देऊन चालणार नाही. खोटा दावा केला की खराही दावा बुडतो. समोरचा माणूस अंबरनाथवर आपल्याला खोटं ठरवील आणि त्याच तोंडानं लोनाडही नाकारील.

तिसऱ्या सुट्टीला बोरिवलीहून कान्हेरीला गेलो. शंभराहून जास्त लेणी. जायच्या आधी तिथल्या लेखांची भाषांतरं वाचून वहीत उतरवली होती. तिथं मला माझं कल्याण सापडलं.

दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे बंदर होतं. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक टिपणात त्याचं नाव कल्लिएना असं येतं. कान्हेरीच्या लेखांत ते कलियण आहे. कल्याणला अंबालिका नावाचा विहार होता, हे कान्हेरीचाच एक लेख सांगतो. आता दाते बघा. कल्याणचा सोनार सामिदत्त, त्यानं पाण्याचं टाकं दिलं. कल्याणचा लोहार नंद, त्यानं वाट दिली. लोहाराकडं लेणं खोदून देण्याइतका पैसा कुठला? त्यानं डोंगरावर चढायची वाट करून दिली, आणि त्याचं नाव धंद्यासकट दगडात राहिलं. मोठ्या चैत्यगृहाचा लेख बघा. दाते गजसेन आणि गजमित्र हे व्यापारी भाऊ, पण त्याच लेखात शेलवढकी, म्हणजे दगड घडवणारे कारागीर, यांचाही उल्लेख आहे. आंध्रात अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराचं दान कोरलेलं आहे. चर्मकार! ज्याची सावली पुढं चालेनाशी झाली, त्याचं नाव स्तूपावर होतं.

लूमवाल्यांसाठी एक हिशोब सांगतो. नाशिकच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथं काही संबंध नाही. लेखांत त्या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो : गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडं २००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा १ व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडं १०००, महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या व्याजातून वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. करा हिशोब. २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बाराही २४०. एकोणीसशे वर्षांपूर्वी विणकरांवर राजघराण्याचा एवढा भरवसा होता. आज मला शंभर रुपये उचल मागायची तर मुकादमापुढं उभं राहावं लागतं.

पण तिथंही स्वर्ग नव्हता, हेही लिहून ठेवतो. त्याच लेण्यात उषवदातानं देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिल्याचं कोरलेलं आहे. राजे दोन्हीकडं दान देत होते. आणि लोहार नंद माझा पूर्वज होता, असं मी म्हणणार नाही. लेखात त्याचा धंदा आहे, वंशावळ नाही. मला त्याची वंशावळ नकोच आहे. ज्या धम्मात लोहाराचं नाव व्यापाऱ्याच्या आणि राजाच्या नावाशेजारी दगडात बसतं, तो धम्म बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या हातात दिला. आपलं नातं एवढं सरळ आहे. रक्ताचं नसलं म्हणून ते कमी होत नाही.

बाबासाहेबांची पद्धतही आठवा. १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना प्रस्तावनेत त्यांनी उघड मांडलं की जिथं इतिहासाचे दुवे हरवलेत तिथं अनुमान करावं लागतं. अनुमान केलं, पण ते अनुमान आहे हे लपवलं नाही. आपण त्यांचा फोटो लावतो आणि पुरावा विचारणाऱ्या पोराला खाली बसवतो.

मी त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर म्हणालो, "माझं चुकलं. तसं कुठंच लिहिलेलं नाही." पुढच्या सुट्टीला त्याला कान्हेरीला घेऊन गेलो. आजकाल आपली बरीच पोरं ब्राह्मी शिकतायत. यानंही कागदावर अक्षरं उतरवून घेतली होती. एका लेखासमोर बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसला. अर्धा तास गेला. मग ओरडला, "दादा, क-लि-य-ण! आपलं कल्याण!"

कार्यकर्त्यांनो, लेण्यांवर जा. झेंडा न्या, पण वहीही न्या. देवळातही जा, तिथला लेखही वाचा, आणि त्यात कोण नाही ते लिहून काढा. कुणी विचारलं, "कुठं लिहिलंय?" तर चिडू नका. जागा दाखवा. दाखवता येत नसेल, तर ते वाक्य भाषणातून काढून टाका.

जयभीम.