बेलामीचे बॉस्टन, सन 2000

रॉकफेलरच्या तेलकंपनीने 1882 साली आपला अवाढव्य व्यापार एका विश्वस्तमंडळाच्या मुठीत आणलेला, आठ तासांच्या दिवसाची मागणी ऐन भरात असताना शिकागोच्या हेमार्केट चौकातील सभेत 1886 साली बॉम्ब फुटून मजूरचळवळीवर राजरोषाची कुऱ्हाड कोसळलेली, अशा काळात, 1888 च्या आरंभी, एडवर्ड बेलामी या मॅसॅच्युसेट्सच्या पत्रकाराने ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. नायक बॉस्टनमध्ये 1887 साली निजतो आणि 2000 साली जागा होतो, हे केवळ निमित्त. मक्तेदाऱ्या मोडा, असे बेलामी म्हणत नाही. त्या एकमेकींना गिळत जातील, अखेर एकच उरेल आणि ती रक्तपाताविना राष्ट्राच्या स्वाधीन होईल, असा त्याचा हिशेब.

मग नाण्यांचे प्रयोजनच उरत नाही. राष्ट्राच्या उत्पन्नाचा समान वाटा दरसाल प्रत्येकाच्या खाती जमा व्हावा, त्याबद्दल पुठ्ठ्याची एक पत्रिका मिळावी (तिला त्याने ‘क्रेडिट कार्ड’ हेच नाव दिले आहे), भांडारात नमुना पसंत पडताच कारकुनाने तिच्यावरील चौकोनांतून किमतीएवढे टोचून काढावेत, आणि मागणी वायुनलिकेतून मध्यवर्ती वखारीत जाऊन माल नळांवाटे आपापल्या मोहल्ल्यात उतरावा, अशी ही तजवीज.

परंतु ज्याच्या हाती वखार, त्याच्याच हाती हुकूम! वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाने शरीरप्रकृतीपायी प्रवेश नाकारलेल्या या गृहस्थाने अवघ्या राष्ट्राचीच फौज करून टाकली, हा मला दैवाचा विनोद वाटतो. एकविसाव्या वर्षी भरती, पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती; अंगी सामर्थ्य असून काम नाकारील त्याला, तो कबूल होईपर्यंत, एकांतकोठडी आणि पाव-पाणी. त्याहून विलक्षण म्हणजे, या औद्योगिक सेनेचा सेनापती तोच राष्ट्राध्यक्ष असूनही प्रत्यक्ष सेवेत राबणाऱ्यांना त्याच्या निवडणुकीत मत नाही. शिस्त बिघडेल, या सबबीखाली तो अधिकार मुख्यतः सेवामुक्तांकडे राखलेला. ज्या कारखानदारांचा बेलामीला तिटकारा होता, त्यांनी ही सबब आनंदाने उचलली असती.

तरीही पुस्तक हातोहात खपले, आणि उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणासाठी ‘नॅशनॅलिस्ट’ मंडळे बॉस्टनपासून गावोगाव निघाली. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस या कारागीर-कवीला मात्र ही कवायत मुळीच रुचली नाही. त्याच्या 1890 च्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’मधील भावी लंडनात ना अध्यक्ष, ना सेना, पार्लमेंटच्या इमारतीत शेणखत साठवलेले असते.