नेमाचे श्रेय

२ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून सुमारे सव्वा इंचावर गोळी लागली. या नेमाचे श्रेय राणीच्या हाताला देता येत नाही. जोसेफ व्हिटवर्थची रायफल बैठकीवर जखडून आधीच रोखलेली होती. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) याच जातीच्या काही रायफलींवर मुंबईच्या सैन्यात नोकरी केलेल्या डेव्हिडसनची दुर्बीण होती. दुर्बिणीने लक्ष्य स्पष्ट दिसते. गोळीचा मार्ग बदलत नाही. दृष्टिरेषा सरळ, तर गोळीचा मार्ग वक्र. म्हणून ठराविक अंतरावर गोळ्या झाडून दोहोंचा मेळ घालावा लागतो. अचूकतेचा इतिहास हा शोधांइतकाच या पूर्वतयारीचाही आहे. एका गोळीच्या कीर्तीआड ती सहज झाकली जाते.